युगांडातल्या बालगृहात कुटुंबासह जाताना

मिशनतर्फे युगांडातल्या बालगृहात दोन वर्षांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने काय तयारी करावी, असा प्रश्न आहे. सामानाची यादी सोडून बाकीचं महत्त्वाचं इथे.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस सर्वांत आधी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ केलीत तर विमानतळावर अडकाल. ९ महिन्यांखालचं बाळ असेल तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

तान्ह्यांच्या दूध पावडरीसाठी पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जाण्याआधी वापरायचं. कोमट पाण्यात कालवलं तर पावडरीतले जंतू मरत नाहीत. दूध निववूनच पाजा, २ तासांनी उरलेलं ओतून द्या. अतिकुपोषित मूल आलं की पोटभर खाऊ घालावंसं वाटतं, पण त्याने जीवही जाऊ शकतो. रुग्णालयात आधी एफ-७५ हे हलकं आणि मग एफ-१०० हे जास्त ताकदीचं, असं उपचाराचं खास दूध देतात ते यासाठीच.

खरी कळकळ मात्र पुढच्या गोष्टीची. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये बालसंस्थांतल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. वयाची दोन वर्षं पुरी होण्याआधी सांभाळणाऱ्या कुटुंबात गेलेल्यांना माणसांशी नातं जोडणं जास्त जमलं. म्हणून प्रत्येक मुलाची सांभाळणारी मावशी ठरलेली हवी, दर महिन्याला नवे पाहुणे नकोत. बऱ्याच मुलांचे आई-वडील हयात असतात, गरिबीने ठेवलेलं असतं. फी-धान्याची मदत थेट घरी पोचवता येते का, हे मिशनला पहिल्याच बैठकीत विचारा. आणि प्रार्थनेला आलं नाही म्हणून कुणाचंही ताट अडवू नका.