गेटवरचे कांदेवाले

ए-२०३ स्नेहल: गेटवरचे तिन्ही कांदेवाले २५ च म्हणतात. रुपया इकडेतिकडे नाही. आपसात ठरलंय यांचं. कमिटीने बोलावं.

सी-४०१ देशमुख काका: बोलावंच. लूट आहे नुसती.

बी-१०२ कुलकर्णी सर: स्नेहलताई, भाव एकच आहे म्हणजे साटंलोटंच असं नाही. कडक स्पर्धेतही भाव एकच होतो. माल सारखा, तिघं शेजारी शेजारी. एकाने २७ म्हटलं की तुम्ही पुढच्याकडे जाणार. २२ ला द्यायचा तर मार्केटयार्डाची खरेदी, टेम्पोभाडं आणि सडका निवडून टाकला की हातात काय राहणार?

स्नेहल: मग ठरवून केलंय की नाही हे ओळखायचं कसं?

कुलकर्णी सर: यार्डात भाव पडल्यावर इथे किती लवकर उतरतो ते बघायचं. मागच्या आठवड्यात ३० होता ना?

डी-५०३ मृणाल: रॅम्पवर पांढरी गाडी कोणाची आहे? प्लीज काढा.
आणि सर, आंबेवाल्यांचं काय? दोघांच्या पेटीत ४०० चा फरक!

कुलकर्णी सर: तिथे आवडनिवड आली. कांदा कोणाच्या शेतातला, कोण विचारतं? हापूस मात्र देवगडचा की रत्नागिरीचा, आणि काहींना बागायतदारही ठरलेलाच लागतो. म्हणून एखादा आंबेवाला चढा भाव लावतो आणि गिऱ्हाईक तरी टिकतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला, त्यामागे हीच ओळख आहे. कर्नाटकी आंबा त्याच नावाने खपला की ती गेली, भावही गेला.

देशमुख काका: आमरसाला पायरीच. हापूसचं कौतुक तुम्हीच करा.

ए-६०४ वैभव: आमची शेती निफाडकडे. दुकानदाराचं ठीक आहे हो, पण शेतकऱ्याला भाव सांगायची सोयच नाही. लासलगावला ट्रॅक्टर उभा केला की लिलावात निघेल तो भाव. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ ला उठली. बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं आणि ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव कोसळले. लाल कांदा टिकत नाही, विकावाच लागतो. उन्हाळ कांदा निदान कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवून वाट बघता येते.

स्नेहल: वैभवदादा, तुमच्याकडून थेट गोण्या आणता येतील?

वैभव: येतील की. १० घरं झाली तर टेम्पो परवडेल.

देशमुख काका: माझे ५ किलो लिही. बारीक नको, एकसारखा हवा.

वैभव: काका, गोणीत सगळाच येतो. निवडून हवा तर गेटवर २५ ने.