खाडीत उभं राहून पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकता येईल अशी दोघांची होडी हवी – तळ सपाट की किंचित गोलसर?

नमस्कार मंडळी,

मी नेरूळचा. मामा आणि मी मिळून दोघांपुरती वल्ह्याची होडी घरीच बांधायचं ठरवलंय. सारसोळे जेट्टीच्या आसपास बोई, जमलं तर जिताडा, एवढे मासे मिळावेत इतकीच अपेक्षा. इंजिन लावायचं नाही. वाशी पुलाच्या उत्तरेला जायचा प्रश्नच नाही, ऐरोलीपर्यंतचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे.

खरी अडचण पाग टाकण्याची. मामा नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, उभा राहून टाकतो. जाळ्याची कड दातात धरून कमरेतून गर्रकन वळतो आणि त्या क्षणी सगळा भार एका पायावर येतो. मग शिशाच्या गोळ्यांसकट भिजलेलं जाळं एकाच बाजूने वर ओढायचं. मी मागे वल्हं धरून बसलेला. दोघं, जाळं, बर्फाची पेटी असं धरून १८० किलो वजन होईल.

नेटवर जे नकाशे मिळतात त्यातले बरेच अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी आखलेले आहेत. शिकार आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदच, आणि ते योग्यच आहे. पण बंदुकीचा धक्का आडवा बसला तरी कलंडू नये म्हणून त्या होड्या रुंद आणि बसक्या करतात, आणि पाग टाकणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं.

तळ सपाट ठेवला तर पाय ठेवताक्षणी होडी ठाम वाटते आणि ओहोटीच्या गाळावरून सरकतेही छान. पण सपाट तळ पाण्याच्या पृष्ठाबरोबर तिरका होतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला किंवा मोठी बोट जवळून गेली की आडव्या लाटेत उभं राहणं कठीण. गोलसर तळ सुरुवातीला डुलतो, पण बाजू वर उमलत गेलेल्या असतील तर बराच कलल्यावरही सावरतो. मामाचं एकच पालुपद: "आधी पाय ठरला पाहिजे, वेग मग बघू." माझा कल मात्र मधल्या मार्गाकडे आहे: तळ अगदी किंचित गोलसर, बाजू बाहेर झुकलेल्या.

रुंदीचंही अडलंय. पाण्याच्या रेषेवर ३६ इंच ठेवू की ४०? कलंडण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चार इंचांत जवळपास ३७ टक्के फरक. पण उतरत्या पाण्याविरुद्ध वल्हवून जेट्टी गाठायची तर रुंद होडी दमवते, आणि आमच्याकडे वल्हवणारा एकच. लांबी साडेपंधरा फूट धरली आहे, कारण आठ फुटी प्लायचे दोन तुकडे तिरक्या सांध्याने जोडले की तेवढीच मिळते. प्लाय ६ मिमी मरीन, सांध्यांवर इपॉक्सी आणि फायबरग्लासची पट्टी. दोन्ही टोकांना बंद हवेचे कप्पे करणार आहोतच, कारण होडी उलटली तर गाळात उतरून चालत येणं अशक्य आहे.

मालवणकडच्या मंडळींना खास विचारतो: उलांडी (होडीच्या बाजूला दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका) लावून पाग टाकता येतो का? एका बाजूला उलांडी आणि जाळं दुसऱ्या बाजूनेच टाकायचं, असं कुणी करतं का? जाळं तिच्या दांड्यांत अडकेल अशी धास्ती वाटते. जमत असेल तर होडी ३६ इंचीच ठेवता येईल.

तुमची होडी खाडीतली असेल तर तळाचा आकार आणि रुंदी दोन्ही लिहा, आणि तीत उभं राहून जाळं ओढता का तेही. प्लाय कापण्याआधी हे ठरवायचंय.