मदत हवी आहे: बायसेप्सच्या ऑपरेशननंतर दोन्ही हातांची ताकद सारखी कशी आणायची?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजार. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहणं) उलटसुलट पकडीने, म्हणजे एक तळवा पुढे आणि एक मागे, बार उचलताना उजव्या कोपरापाशी बायसेप्सचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटला. या पकडीत बहुधा तळवा पुढे असलेल्या हाताचाच तुटतो म्हणे. ऑपरेशन करून तो हाडाला परत जोडला. आता पाच महिने होत आलेत. कोपर पूर्ण वाकतं, सरळ होतं, आणि सर्जननी हळूहळू वजन वाढवायला परवानगी दिली आहे.

अडचण वेगळीच आहे. कोपर वाकवायची ताकद बरीच आली, पण तळवा वर फिरवायची आली नाही, आणि बायसेप्सचं तेही मोठं काम. साधा स्क्रू घट्ट करताना हात भरून येतो. फिजिओंनी हातोडी मुठीत धरून सावकाश फिरवायला सांगितलंय, ते चालू आहे. बार धरला की मात्र डावा हात सगळा भार ओढतो आणि खांदे तिरके होतात. म्हणून सध्या फक्त डंबेल: आधी उजवा, तो जितके रेप्स काढेल तितकेच डाव्याने. असं केल्याने डावा मागे पडेल का?

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी डेडलिफ्ट पुन्हा केव्हा सुरू केली? दोन्ही तळवे मागे ठेवून, मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे लावून? आखाड्यातले एक काका हलका मुद्गल फिरव म्हणतात, कुणी केलंय? अंगठ्याच्या बाजूने हाताला थोडा बधिरपणा आहे, तो कधी जातो?

‘आराम कर’ एवढं सोडून काहीही सांगा, ते आई रोज सांगते.