यादीत नाव आहे ना? मतदानाचं बारीकसारीक माहीत असलेल्यांनी इथे लिहा

शनिवारातली खिडकी
रद्दी बांधताना जुन्या वहीतून एक मतदार चिठ्ठी पडली, शिक्का मारून मतदान व्हायचं त्या काळातली. मतपत्रिकेची आधी उभी घडी, मग आडवी, हे घरातली मोठी माणसं आवर्जून शिकवायची. शाई ओली असते. घडी चुकली की बाणफुलीचा ठसा दुसऱ्याच चिन्हावर उमटायचा. उलटा ठसा मोजणीला ओळखू यायचा, पण वाद नको म्हणून उभी घडी.
आता घडी गेली, बटण आलं. चुका मात्र होतातच, फक्त त्यांची जागा बदलली, आणि बहुतेक चुका मतदानाच्या कितीतरी महिने आधी होऊन गेलेल्या असतात. दिल्लीत काय चाललंय यावर आपण रोज बोलतो. त्या बोलण्याला वजन यायचं तर यादीत नाव हवं. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी लिहा, नेमकं लिहा.

मुठेपलीकडे
सगळ्यात मोठा घोळ यादीच्या अर्जांचा, म्हणजे नमुना ६ आणि ८ चा. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. घर बदललं, नावात चूक आहे, फोटो बदलायचाय, ओळखपत्र हरवलंय, या सगळ्याला नमुना ८. वाडा पाडला, पेठेतून कोथरूडला आलो म्हणून लोक पुन्हा ६ भरतात. मग जुन्या ठिकाणी नाव राहतं, नव्या ठिकाणी दुसरं चढतं. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही, आणि दुबार म्हणून नाव वगळताना हवं तेच उडालं असंही होतं.
घरातलं माणूस गेलं असेल तर नमुना ७, मृत्यूचा दाखला जोडून. दुःखात हे राहून जातं, पण वर्ष-दोन वर्षांनी तरी करा. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी मत टाकून जाऊ नये.

मुठेपलीकडे
राहिलं. पूर्वी वय मोजायची १ जानेवारी ही एकच तारीख असायची. २०२२ पासून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण असली की झालं. १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो. बारावीतल्या मुलांना सांगा.

धायरी फाटा
पुण्यात आणखी एक गोष्ट पक्की माहीत हवी. शहरात राहता म्हणजे पुणे लोकसभेतच मत देता असं नाही. पुणे लोकसभेत विधानसभेचे सहाच मतदारसंघ येतात: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा पेठ. खडकवासला बारामतीत जातो, हडपसर शिरूरमध्ये. २०२४ ला बारामतीचं मतदान ७ मे ला झालं, पुणे आणि शिरूरचं १३ मे ला. एकाच शहरात दोन तारखा. खडकवासल्यातल्या सिंहगड रोडवरच्या ज्यांनी टीव्हीवर 'पुणे १३ मे' एवढंच ऐकलं त्यांची तारीख तोवर निघून गेलेली. तारीख शहराच्या नावाने बघू नका, आपल्या मतदारसंघाच्या नावाने बघा.

चकलीचा सोऱ्या
नाव सापडतच नाही हो ऑनलाइन. सासूबाईंचं तर नाहीच.

मुठेपलीकडे
@चकलीचा सोऱ्या ताई, आधी ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा, नावाने नंतर. नावाने शोधताना जन्मतारखेऐवजी वय टाका, वर्ष-दोन वर्षं मागेपुढे करून बघा. आडनाव माहेरचं चढलेलं असू शकतं, नात्याच्या रकान्यात नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव असू शकतं. र्‍हस्व-दीर्घही दोन्ही करून बघा. सापडलं की यादीचा भाग क्रमांक आणि भागातला अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवा. केंद्रावर हे दोन आकडे सांगितले की पहिल्या टेबलावर अर्धा मिनिट लागतो, नाहीतर पानं उलटत बसावं लागतं. नाहीच सापडलं तर १९५० ला फोन, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे (यादीचं काम बघणारा केंद्रपातळीवरचा अधिकारी) छापील यादी बघायची.

दोन नंबरचं टेबल
निवडणुकीच्या तोंडावर फिरणाऱ्या निरोपाबद्दल लिहितो, कारण त्याने लोकांचा घात होतो. "यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा." साफ खोटं. ४९अ हा नियम यंत्राच्या रचनेचा आहे. यादीत नाव नसेल तर कुठलंच ओळखपत्र दाखवून मत देता येत नाही, हातात निवडणूक ओळखपत्र असलं तरी नाही. नावं चढवणं उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंतच होतं. त्यानंतर ती यादी बंद.
आक्षेपित मत, म्हणजे चॅलेंज व्होट, वेगळंच. समोरचा माणूस तो नाहीच अशी शंका मतदान प्रतिनिधीला आली तर तो २ रुपये भरून आक्षेप घेतो, केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो.
आणि प्रदत्त मत. तुम्ही गेलात, तर तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय. अशा वेळी परत फिरू नका. ओळख पटवली की कागदी मतपत्रिका मिळते, सही घेतली जाते, ती वेगळ्या पाकिटात बंद होते. यंत्रावर मत देता येत नाही, आणि ही मतं नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं तर तीच पुरावा ठरतात. प्रदत्त मतं १४ टक्के झाली की फेरमतदान होतं, असा कुठलाही नियम नाही.
काही नावांपुढे गैरहजर, स्थलांतरित किंवा मयत अशी खूण असते, तिची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. तुमचं नाव चुकून त्यात असेल तर घाबरू नका. ओळखपत्र दाखवा, लेखी निवेदनावर सही करा, मत देता येतं.

पोळ्या झाल्या
वाचतेय सगळं. छान चाललंय. शाई नखावरून कधी जाते तेवढं सांगा कोणीतरी, मुलगी विचारतेय.

दोन नंबरचं टेबल
@पोळ्या झाल्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते त्वचेतल्या मिठाशी मिळतं आणि उजेडात काळं पडतं. कातडीवरची थोड्या दिवसांत जाते, नखातली मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. डाव्या तर्जनीला, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ. लावल्यावर वाळू द्या, साडीला पुसू नका. दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराच्या सोबत आत जाणाऱ्याला उजव्या तर्जनीला लावतात, कारण एका दिवसात एकालाच सोबत करता येते.

ओसरी
घरून मतदानाचं कोणी लिहिलं नाही. वय ८५ च्या वर किंवा ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर नमुना १२डी. अधिसूचना निघाल्यापासून फक्त ५ दिवस मिळतात, लोक तिथेच चुकतात. बीएलओ फॉर्म घरी आणून देतो, पण तो येईपर्यंत वाट बघत बसू नका, तुम्हीच फोन करा. एकदा घरून मतदान मंजूर झालं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजोबांना पंधरा पावलं चालवत असेल आणि केंद्रावर जायचाच आनंद असेल, तर आधी त्यांना विचारा. चाकाची खुर्ची केंद्रावर मिळते.

चकलीचा सोऱ्या
सापडल्या सासूबाई!! वय दोन वर्षं कमी लागलंय. नमुना ८ ना?

मुठेपलीकडे
हो, ८. जन्मतारखेचा पुरावा जोडा. खूप बरं वाटलं.

तिसरा मजला
यंत्राचं लिहितो. एका बॅलट युनिटवर, म्हणजे बटणांच्या यंत्रावर, १६ बटणं, शेवटच्या उमेदवारानंतर नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. २०२४ ला पुणे लोकसभेला ३५ उमेदवार होते, नोटा धरून ३६, म्हणून तीन युनिटं शेजारी शेजारी. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. ज्येष्ठांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की तिन्ही यंत्रांवर नजर फिरवा.
हिरवा दिवा लागल्याशिवाय बटण दाबून उपयोग नाही. दाबलं की चिन्हापुढे लाल दिवा, आणि मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, व्हीव्हीपॅटच्या, काचेत चिठ्ठी ७ सेकंद. अनुक्रमांक, नाव, चिन्ह तिन्ही वाचा. बीप ऐकूनच हला. पुन्हा दाबल्याने मत वाढत नाही. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगायचं. लेखी घेऊन सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, म्हणून खात्री असेल तरच.

दोन नंबरचं टेबल
@तिसरा मजला व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा दिव्याखाली ठेवायचा नाही, हेही हवं. २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत अति उजेडाने सेन्सरवर परिणाम झाला आणि यंत्रं बदलावी लागली. आणि जे पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसतात त्यांनी सकाळी ९० मिनिटं आधी पोहोचाच. मॉक पोलमध्ये, म्हणजे चाचणी मतदानात, निदान ५० मतं पडतात. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमाने. क्लिअर विसरलं तर ती मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मोजणीला आकडा जुळत नाही. चाचणीच्या चिठ्ठ्याही डब्यातून काढून काळ्या पाकिटात सील व्हायला हव्यात. डबा उघडून रिकामा दाखवा म्हणावं. संध्याकाळी नमुना १७सी ची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. त्यात एकूण मतं आणि सीलचे क्रमांक असतात, मोजणीच्या टेबलावर तेवढाच आधार.

फांदीवर
थोडं बाजूचं आहे पण राहवत नाही. प्रचाराचे फलक झाडाला खिळे ठोकून लावतात. खिळा सालीखालच्या वाढीच्या थरात जातो, तिथून बुरशी शिरते. काढताना पक्कडीने हिसका देऊ नका. खिळ्याशेजारी लाकडाचा तुकडा टेकवा आणि पंजाच्या हातोडीने सरळ रेषेत ओढा, साल फाटत नाही. डोकं सालीने गिळलं असेल तर खोदायचं नाही, राहू द्यायचं. जखमेवर रंग, डांबर काही फासू नका. आणि फ्लेक्स जाळू नका, ते पीव्हीसी असतं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो.

धायरी फाटा
@फांदीवर आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या सी-व्हिजिल अॅपवर टाका. फोटो अॅपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि काढल्यावर पाठवायला ५ मिनिटं. सरकारी जागेवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचे ४८ आणि खासगी जागेवरचे ७२ तासांत काढायचा नियम आहे.

पोळ्या झाल्या
मुलगी म्हणते शाई वाळेपर्यंत बोट वर धरून उभी राहीन. सतरा संपायला अजून तीन महिने आहेत तिला. आगाऊ अर्ज आज भरतेय, आधार शोधतेय तिचं.

मुठेपलीकडे
@पोळ्या झाल्या नमुना ६. नात्याच्या रकान्यात तुमचं नाव आणि ओळखपत्र क्रमांक टाका, म्हणजे दोघींची नावं एकाच भागात येतील. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चष्म्यावर चमक नको.