अनुभव धागा : गाडीचे काळे तेल शेवटी कुठे गेले?

घरच्या घरी गाडीचे इंजिन ऑइल बदलणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. मी पुण्यात राहतो आणि गेली बारा वर्षे आधी मोटारसायकलचे आणि नंतर घेतलेल्या लहान कारचे तेल स्वतःच बदलतो. ड्रेन नट (जुने तेल खाली सोडण्याचा नट) कोणत्या पान्याने सोडवावा, वॉशर दर वेळी नवा घालावा की नाही, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचे बोट कसे फिरवावे, यावर भरपूर लिहिले गेले आहे. घमेल्यात उरलेल्या तीन-साडेतीन लिटर काळ्या तेलाशी येऊन पोहोचले, की मात्र बहुतेक लेखन "योग्य विल्हेवाट लावावी" एवढे म्हणून थांबते.

पहिली काही वर्षे मी ते तेल रद्दीबरोबर भंगारवाल्याला देत असे आणि काम झाले असे समजत असे. एकदा सहज विचारले, तेव्हा त्याने काहीही न लपवता सांगितले, की ते पुढे वीटभट्टीवर जळणात जाते. कुठलीही गाळणी किंवा धुराचे नियंत्रण नसलेल्या भट्टीत हे तेल जाळले, की त्यातले जस्त, शिसे आणि इतर धातू धुराबरोबर आसपासच्या वस्तीवर पडतात. घरात मी हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्रे पसरून एवढी काळजी घेत होतो आणि तेच तेल कोणाच्या तरी श्वासात जात होते, ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे, की तेल कशात साठवता, कोणाला देता आणि ते शेवटी कुठे पोहोचते याची खात्री केली आहे का, हे लिहावे. पूर्वी काही चुकले असेल तर तेही संकोच न करता लिहावे, कारण दुसऱ्याला त्याचाच उपयोग अधिक होतो.

सातारा जिल्हा, शेतकरी

आमच्याकडे २००४ पासून ट्रॅक्टर आहे. दर २५० तासांनी तेल बदलायचे म्हटले तरी एका वेळी सात-आठ लिटर तेल निघते, म्हणजे शहरातल्या दोन मोटारींइतके. वडिलांच्या काळात त्यातला थेंबही वाया जात नाही असे मानले जाई. कुंपणाच्या लाकडी खांबांची जमिनीत जाणारी टोके, गोठ्याच्या दाराची चौकट, नांगराचे सुटे भाग, सगळ्यांना वाळवी किंवा गंज लागू नये म्हणून काळे तेल फासले जाई. गोचीड झालेल्या म्हशीच्या अंगालासुद्धा ते लावत. पुढे पशुवैद्यांनी आम्हाला बसवून समजावले, की जनावर स्वतःचे अंग चाटते आणि ते तेल त्याच्या पोटात जाते, तेव्हापासून ते बंद झाले. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी शिकून घेतलेली काटकसर खरी होती, फक्त त्या तेलात काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. १ फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते, त्यामुळे त्या काळात गावातल्या पेट्रोलच्या गाड्यांच्या जुन्या तेलात शिसेही भरपूर असे.

जी घटना मला लिहायची आहे ती विहिरीची आहे. जुने तेल आम्ही पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात साठवत असू आणि तो डबा विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीबाहेर उघडाच असे. एका वर्षी जूनमध्ये दोन रात्री जोराचा पाऊस झाला. डब्यात पाणी भरत गेले, पाणी जड म्हणून तळाला गेले आणि तेल वर उचलले जाऊन काठावरून आधी तेच सांडले. सकाळी पाहिले तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता, पण त्यात जवळजवळ सगळे पाणीच होते. तेल उताराने विहिरीत उतरले होते आणि पाण्यावर निळा-जांभळा तवंग पसरून एका कडेला जाड काळी साय धरली होती.

आम्ही भाताचा पेंढा आणि गोणपाट दोरीने सोडून, ते तवंगावर फिरवून वर ओढत होतो. पेंढ्याने बरेच तेल धरले, पण दगडी बांधकामाच्या सांध्यांत जे शिरले ते पाण्याची पातळी वरखाली झाली, की पुन्हा बाहेर येई. पुढचे सहा-सात महिने त्या विहिरीचे पाणी आम्ही प्यायलो नाही आणि जनावरांनाही पाजले नाही. आई रोज हंड्याने शेजारच्या मळ्यातून पाणी आणत होती.

आता तेल फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरतो, कॅन छपराखाली सिमेंटच्या कोब्यावर ठेवतो आणि त्याखाली जुनी मोठी परात असते. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी तालुक्याला जातो तेव्हा तेथील कार्यशाळेच्या पिंपात ते ओततो.

ठाणे, नोकरदार

आमच्या सोसायटीच्या वाहनतळात एकदा माझा कॅन कलंडला आणि अर्धा लिटर तेल फरशीवर गेले. पाणी मारून ते गटारात ढकलावे असे तिथे जमलेल्या सर्वांनीच सुचवले, परंतु लाकडाचा भुसा पसरून, रात्रभर ठेवून, तो भुसा पिशवीत भरला, तेव्हा फरशी जवळपास कोरडी झाली. डाग आजही दिसतो. तेल परत देण्यासाठी गेलो असता एका सेवा केंद्राने "आमच्याकडून तेल घेतले नाही, तर आम्ही घेणार नाही" असे सांगून परत पाठवले. शेवटी पंचवीस वर्षांपासून गल्लीत असलेल्या दुचाकीच्या गॅरेजवाल्याने होकार दिला, आणि तेव्हापासून नवे तेल व फिल्टर मी त्यांच्याकडूनच विकत घेतो.

कोल्हापूर, गॅरेजचालक

वरील दोन्ही अनुभव वाचले आणि गॅरेजच्या बाजूने काही लिहावेसे वाटले, कारण लोकांचे तेल घ्यायला आम्ही का कचरतो हे बाहेरून कळत नाही. आमच्याकडे २०० लिटरचे पिंप भरले, की ते घेऊन जाणारा येतो. कोणी चांगल्या भावनेने आणलेल्या कॅनमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर मिसळलेले असेल, तर ते आमच्या पिंपात ओतल्यावर सगळे पिंपच बिघडते आणि मग घेणारा ते नाकारतो. म्हणून हात जोडून सांगतो, की इंजिनाचे तेल वेगळ्या डब्यात ठेवा, तो डबा फिनेलचा, ब्लीचचा किंवा कीटकनाशकाचा नसावा आणि कूलंट निघाले असेल तर त्याला स्वतंत्र बाटली द्या. पाणी शिरले असेल तर तसे आधी सांगा, आम्ही ते बाजूला ठेवतो.

अनेकांना वाटते, की काळे झालेले तेल मेले. इंजिनात मूळ तेल फारसे झिजत नाही. त्यात घातलेली रसायने संपतात आणि काजळी, इंधन, पाणी व धातूचे बारीक कण मिसळत जातात. चांगल्या कारखान्यात ते आधी तापवून पाणी आणि हलके इंधन काढतात, मग निर्वात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात उकळून आणि वाफ थंड करून, मूळ तेल वेगळे करतात आणि पुढे हायड्रोजनच्या प्रक्रियेने किंवा शोषक मातीने त्याचा रंग व वास घालवतात. त्यापासून पुन्हा वंगण बनते. तेल आम्लाने साफ करण्याच्या जुन्या पद्धतीत मात्र मागे आम्लयुक्त चिकट गाळ उरतो आणि तो कुठेतरी ओढ्याकाठी टाकला जातो, त्यामुळे "पुनर्वापर" हा शब्द ऐकून लगेच समाधान मानू नये.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली येते आणि ते अधिकृत प्रक्रियादारालाच देणे आम्हा व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर आणि आयातदारांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली. असे असूनही गल्लीबोळांत पत्र्याचे डबे घेऊन फिरणारे लोक लिटरमागे दोन पैसे जास्त देतात, आणि त्या जादा पैशांसाठी तेल भट्टीकडे किंवा बनावट तेल भरणाऱ्याकडे वळते. आपण ज्या गॅरेजला तेल देता, त्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्राची प्रत अवश्य विचारा. ती त्यांच्याकडून तेल नेणाऱ्याची असते. प्रामाणिक माणूस ती दाखवताना रागावत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी लिहितो. काढलेला फिल्टर कोमट असतानाच त्याच्या घुमटाकडील बाजूला खिळ्याने भोक पाडून तो उलटा ठेवा आणि रात्रभर निथळू द्या. नुसता उपडा ठेवला तर आतली झडप तेल अडवून धरते. नव्या तेलाचा रिकामा कॅनही भंगारात देण्याआधी मधोमध कापा, म्हणजे त्यात कोणी गाळलेले काळे तेल भरून नवे म्हणून विकणार नाही.

अहिल्यानगर, गृहिणी

आमच्या घरी गाडीचे काम मी आणि मुलगा मिळून करतो. २०१७ मध्ये घराचे बांधकाम सुरू असताना ठेकेदाराने स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावायला आमच्याकडे साठलेले काळे तेल मागितले, आणि ते उपयोगी पडते आहे म्हणून आम्ही आनंदाने दिले. फळ्या उतरवल्यावर छताचा खालचा भाग काळपट डागांनी भरलेला निघाला. त्यावर केलेला गिलावा दोनच पावसाळ्यांत पोकळ वाजू लागला आणि स्वयंपाकघरात त्याचा परातीएवढा पोपडा रात्री खाली पडला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने तो पोपडा उलटा करून बोटाने घासून दाखवला, तेव्हा त्याच्या बोटाला तेलाचा ओशट काळेपणा लागला होता. फळ्यांसाठी वेगळे तेल मिळते आणि ते फार महागही नसते, हे तेव्हा कळले.

कॅलिफोर्निया, मूळचे नाशिकचे

येथे घरी तेल बदलणारे पुष्कळ आहेत आणि म्हणून ते परत घेण्याची सोयही जागोजागी आहे. सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानांत मागच्या बाजूला टाकी असते. आपला कॅन तिथे फुकट रिकामा करता येतो. राज्याने मान्यता दिलेल्या केंद्रांवर तर गॅलनमागे ४० सेंट मागताही येतात, जरी मी ते मागणारा माणूस अजून पाहिलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका वेळी बदललेले तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते.

माझ्या मनात मात्र आकड्यापेक्षा रस्त्याकडेच्या जाळीशेजारी रंगवलेले एक वाक्य राहिले आहे, की हे पाणी थेट उपसागराला मिळते. येथे पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या असल्याने रस्त्यावरचे पाणी कुठेही शुद्ध न होता बाहेर पडते. नाशिकला असताना मी पायताणाने माती लोटून कितीतरी वेळा तेल झाकले होते, आणि आमच्या गल्लीचा उतार गोदावरीकडेच होता.

जर्मनी

थोडक्यात लिहितो. येथील कायद्याने ग्राहकाला इंजिन ऑइल विकणाऱ्याने तेवढेच वापरलेले तेल विनामूल्य परत घेण्याची सोय करावी लागते. दुकानात पावती दाखवावी लागते, म्हणून मी ती कॅनलाच चिकटपट्टीने लावून ठेवतो. आपल्याकडे तेल विकत घेतानाच ही सोय मागण्याची सवय ग्राहकांना लागली, तर दुकानदारही तयारी ठेवतील असे मला मनापासून वाटते.

रत्नागिरी, मच्छीमार कुटुंब

आमच्याकडे गाडी नाही, होडीचे डिझेल इंजिन आहे, पण प्रश्न तोच असल्याने लिहिते आहे. होडी खाडीत शाकारलेली (पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेली) असतानाच तेल बदलले जाते आणि वर्षानुवर्षे ते ओहोटीच्या पाण्यात सोडले जाई. खाडी मोठी आहे, भरती-ओहोटी सगळे वाहून नेते, असे पुरुषमंडळी म्हणत. माझी आई त्याच खाडीत ओहोटीला तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढायला जाते. धक्क्याजवळच्या तिसऱ्यांना डिझेलसारखा वास येतो आणि बाजारातली नेहमीची गिऱ्हाइके परत येऊन बोलतात, असे ती अनेकदा सांगत होती. तिसऱ्या चिखलात बसून पाणी गाळून खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात उतरते, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

शेवटी तिने वडिलांच्या आणि काकांच्या हातात दोन दिवसांत काढलेल्या तिसऱ्यांच्या दोन पाट्या दिल्या, एक धक्क्याजवळची आणि एक वरच्या अंगाची, आणि दोन्हींचा वास घ्यायला लावले. त्यानंतर आमच्या पाच होड्यांचे तेल एका निळ्या पिंपात जमा होऊ लागले. ते पिंप माझा भाऊ बर्फाच्या टेम्पोतून इंजिन दुरुस्त करणाऱ्यांकडे पोहोचवतो. धक्क्याजवळच्या तिसऱ्या आई अजूनही विकायला नेत नाही.

पुणे, धागाकर्ता

कोल्हापूरच्या गॅरेजचालकांनी लिहिल्याप्रमाणे काल माझ्या नेहमीच्या गॅरेजमध्ये जाऊन तेल नेणाऱ्याच्या अधिकारपत्राची प्रत मागितली. मालकांनी ती ड्रॉवरमधून काढली, पण तिची मुदत गेल्या वर्षीच संपलेली होती, आणि ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून नवी प्रत मागवली. ती येईपर्यंत माझा कॅन मी घरी परत आणला आहे. तो गच्चीच्या जिन्याखाली परातीत ठेवला आहे आणि त्यावर तेल काढल्याची तारीख लिहून ठेवली आहे.