उत्तर: पकडलेला स्टीलहेड सोडून का द्यायचा?

वर विचारलंय की एवढ्या लांबच्या बेटावर जाऊन धरलेला स्टीलहेड मासा परत पाण्यात का सोडायचा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नैसर्गिक पैदाशीचा स्टीलहेड सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते असं: पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात, स्टीलहेड मात्र जगला तर समुद्रात जाऊन पुन्हा नदीत येऊ शकतो. जातीने तो रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन येणारा.

हे बेट त्याच प्रांताच्या किनाऱ्यापलीकडच्या हायडा ग्वाई बेटांपैकी. तिथल्या याकून नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. पावसाने नदी फुगली की थांबायचं, पाणी उतरू लागलं की गळ टाकायचा. मला चौथ्या दिवशी एकच लागला. चांदीसारखा लखलखीत, शेपटीकडे समुद्रातल्या उवा अजून चिकटलेल्या, म्हणजे नुकताच खाऱ्या पाण्यातून आलेला. ओल्या हातांनी पाण्यातच धरला, तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले नीट हलू लागले आणि एका झटक्यात गेला.

गळाचा उलटा काटा मात्र घरूनच पकडीने दाबून न्या. तिथे नियमच तसा आहे, आणि नदीवर बोटं गारठल्यावर ते जमत नाही.