मदत हवी आहे: योगवर्गातील मंत्रांच्या वेळी ख्रिस्ती व्यक्तीने काय करावे?

मी जालन्याची, प्रोटेस्टंट मंडळीतील आहे. कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी योगासने सुचवल्यामुळे मी पहाटेच्या वर्गाला जाऊ लागले. भुजंगासनाने आरामही पडला, परंतु वर्गाची सुरुवात ओंकाराने होते आणि सूर्यनमस्कार घालताना सूर्याची बारा नावे उच्चारली जातात, तेथे माझे मन अडते. पाळकसाहेबांना हे मुळीच मान्य नाही. (सासूबाई मात्र म्हणतात, आधी कंबर सरळ कर.) व्हॅटिकनने १९८९ च्या पत्रात योगासारख्या पद्धतींबाबत सावध केले असले, तरी त्या केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून सरसकट नाकारल्या नाहीत, अर्थात ते पत्र कॅथलिकांसाठी. मंत्रांच्या वेळी मी मनातल्या मनात बायबलमधील तेविसावे स्तोत्र म्हटले तर ते प्रामाणिक ठरेल, की शिक्षिकांना आधीच स्पष्ट सांगावे? स्वतः असा मार्ग काढलेल्यांनी कृपया कळवावे.